उकिरडा नावाची बाई

प्रिय तिदा,

तुझं पत्र मिळालं. भुईमूग बरा आला, आईचा गुडघा अजून दुखतोय, सगळं कळलं. माझा उजवा हात बांधलेला आहे, म्हणून डाव्याने लिहितेय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

सहा वर्षं तुला सांगत आले, विहिरीवर घसरले, दाराला धडकले. सगळं खोटं गं. महिन्याचं कापड वाळत पडलेलं दिसलं की माझ्या नवऱ्याचा, आन्सुमानाचा हात उठायचा. आधी चापट, मग पट्टा, मग लाथ, आणि तीही पोटातच. म्हणायचा, "इथे काही राहतच नाही, मग जपायचं कशाला?" सासूबाई उठून दार ओढून घ्यायच्या.

उपाय काय कमी केले? ताईत-मंत्र देणाऱ्या मराबूने लाकडी पाटीवर कुराणातल्या आयती लिहिल्या. त्यांची शाई धुतलेलं पाणी चाळीस दिवस प्यायले. एका म्हातारीने कूस वर सरकवते म्हणून पोट असं रगडलं, की दोन दिवस लघवीतून रक्त गेलं. शेवटी एकटीच दवाखान्यात गेले. नर्सबाई म्हणाली, "तुझ्यात काही दोष नाही. नवऱ्याला घेऊन ये." घरी एवढंच सांगितलं, त्या दिवशी माझा दात पडला.

मग सैनाबूआईच्या कान्यालेंग बायकांत गेले. मूल न झालेल्या, मुलं मातीत गेलेल्या बाया. पुरुषांच्या फाटक्या टोप्या घालून लग्नात नाचतात, दुसऱ्याच्या ताटातला भात ओढून खातात. लहानपणी आपणच त्यांच्यामागे ओरडत पळायचो ना? सैनाबूआईने माझ्या गळ्यात शेंगांची माळ घातली, नजर लागू नये म्हणून नाव ठेवलं उकिरडा. म्हणाली, "लाज सोड. अल्लाला हसू आलं की तो देतो. नाही दिलं तर आम्ही कुठे मेलोय?" तिदा, किती वर्षांनी खिदळले मी!

तशीच घरी गेले. "नाचून कूस उजवते होय?" म्हणत त्याने उखळातलं मुसळ उचललं. हाड मोडल्याचं आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मला पोचवून वाटेला लागलेल्या बारा बायका माझी किंकाळी ऐकून गात गात अंगणात शिरल्या, हातात पळ्या, मुसळं. साऱ्या आळीसमोर त्याला लोळवला. सैनाबूआई त्याच्या छातीवर बसली. "बोल, दवाखान्यात जाशील?" तो नाही म्हणाला की फटका. शेवटी रडत ओरडला, "गेलो होतो! पाच वर्षांपूर्वीच गेलो होतो! मला मूल होणार नाही म्हणाले!"

त्याला ठाऊक होतं, तिदा. प्रत्येक लाथेच्या वेळी ठाऊक होतं. मी डाव्या हाताने मुसळ उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. आत काहीतरी फुटलं. मला हे केल्याची लाज वाटत नाही, आणि लाज न वाटण्याचीच भीती वाटते.

आईच्या गुडघ्याच्या बातमीखाली तू एकच ओळ लिहिलीस: "ताईच्या जागी धाकटी म्हणून बाबांनी भाऊजींच्या काकांकडून मागणीची कोलाफळं घेतली, शुक्रवारी मला न्यायला येणार." लंगडत का होईना, त्याला नवरी हवीच आहे. हे पत्र इथवरच बाबांना मोठ्याने वाचून दाखव. ऐकलं तर बरंच. नाही ऐकलं तर वाद घालू नकोस. गुरुवारी दुपारी आम्ही तेरा जणी गाडी करून येतोय. आमचा अवतार बघून लाजू नकोस. दोन लुगडी घे आणि सरळ बाहेर ये.

तुझीच,
कुम्बाताई