न्हाणीची कमान

एटापल्ली, ता. ४ मे १९५५

ती. सौ. सुगंधाबाईस,
धाकटा भाऊ पत्रूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आलापल्लीच्या डाकबंगल्यात एक नवल पाहिले. तिथल्या न्हाणीत पडद्याची दांडी सरळ नाही, बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखी वाकलेली आहे. मी आत उभा राहून हातांची दोन्ही कोपरे फिरवून पाहिली, पडद्याला कुठे लागत नाहीत. चौकीदाराला मी वेडा वाटलो असेन.

आमची न्हाणी तू पाहिलीच आहेस, अरुंद आणि दाराऐवजी नुसता पडदा. दिवाळीत तो ओला पडदा आईच्या अंगाला चिकटला, ती शरमली आणि तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे परत गेली. पाऊस लागला की रस्ता बंद, मग चार महिने गाठ नाही. त्याआधी तिला आणायची आहे. लोखंडी दांडी इथे कुठली मिळणार? बांबू वाकवला तर मोडला. बाबांच्या बैलगाड्यांच्या छपरीच्या बांबूच्या कमानी आईच वाकवायची ना? तिला विचारून कळव. लोभ आहेच, रागावण्यापुरताही कमी करू नये.

तुझा पत्रू

मूल, ता. ११ मे

चि. पत्रूस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवले. येणार नाही म्हणते, एकदा फजिती झाली ती पुरे. बाबा गेल्यापासून ती ओसरीच्या खांबाला टेकून बसते, वाढले की जेवते, एवढेच. माझा जीव तुटतो. पण बांबूचे ऐकून तिने मान वर केली. म्हणाली, वाळल्या बांबूले वाकवाले गेला काऊन, कारकुनाचं डोस्कं. हिरवा घ्यावा, जाळावर नाही, निखाऱ्यावर फिरवावा, हळूहळू वाकवून दोरीने ताणून दोन दिवस ठेवावा. न्हाणी किती रुंद, हेही विचारते. बाकी काही येत नसले तरी तुला मोजता येत असेल.

भागीरथेला आशीर्वाद. सुनेची आठवण आई काढते, तुझी नाही.

तुझी बाई

एटापल्ली, ता. १७ मे

ती. सौ. बाईस सा. न.

न्हाणी अडीच हात रुंद. हिरवा बांबू आणला, निखाऱ्यावर धरला, तोही चिरला. आईला विचार, आता काय करू? मला हे जमत नाही.

पत्रू

मूल, ता. २३ मे

चि. पत्रूस आशीर्वाद.

आईने तुझे पत्र तीनदा वाचून घेतले. मग स्वतःच उठून कोयता शोधला, गाठोड्यात बांधला. म्हणते, त्याले हातानं दाखवल्याबिगर येणार नाई. शनिवारच्या मोटारीने तिला पाठवते. आलापल्लीला गाडी घेऊन थांब.

तुझी बाई

एटापल्ली, ता. ९ जून

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

आईने पाय धुतले आणि निखारेच मागितले. कमान बसली, तिच्या जुन्या लुगड्याचा पडदा लागला. पहिल्या दिवशी आंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेर येईना. भागीरथेने हाक मारली तर आतून म्हणाली, कोपर फिरवून पाहून राह्यली.

आता खरे सांगतो. दुसरा बांबू चिरलाच नव्हता. आमच्या कचेरीतल्या शिपायाने, वारलूने, तो सहज वाकवून दिला होता. मी तो सरपणामागे दडवला. काल आईने तोच काढून दोडक्याच्या वेलाला लावला. मी ओशाळलो. तिला तो आल्या दिवशीच दिसला होता म्हणे. मग बोलली का नाहीस, असे विचारले, तर म्हणाली, जेवाले सारेच बलावतात बापा, कामाले कोणी बलावत नाई.

उद्यापासून रस्ता बंद. आई इथेच आहे. आमच्यावरची माया दिवाळीपर्यंत पुरवून ठेव.

तुझा पत्रू