गणित असू दे

जेद्दा,
१४ एप्रिल २००५

ती. दादास,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

वहाबभाई उद्या दापोलीला सुट्टीवर निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि वहिनीसाठी खजूर पाठवते आहे. फोनवर मला काही बोलता येत नाही. फोन लावून देतात हे, आणि मग शेजारीच बसून राहतात, त्यामुळे दर आठवड्याला तुला आमच्या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत एवढंच कळतं. आज मनातलं सगळं लिहिते.

ममताची दहावी झाली, पेपर बरे गेलेत म्हणते. तिला दातांची डॉक्टर व्हायचंय हे तू जाणतोसच, सातवीपासून तेच धरून बसली आहे. आता मेअखेर शाळेला अकरावीचे विषय लिहून द्यायचेत, आणि त्यावरून घरात जे चाललंय त्याचा मला अगदी वीट आलाय. ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं. इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, त्यात गणित, आणि सहावा कॉम्प्युटर. वर प्रवेश परीक्षेची पोस्टाने येणारी गठ्ठाभर पुस्तकं आणि संध्याकाळच्या दोन शिकवण्या. मी म्हटलं, पोरीला दात बघायचेत ना, मग गणित कशाला हवं. तर म्हणतात, गणित असू दे. का असू दे, ते काही सांगत नाहीत. भिंतीशी बोलावं तसं चाललंय माझं.

वरच्या मजल्यावरच्या कुबराभाभींनी त्यांच्या जुनैदला गेल्या वर्षी असंच सहा विषयांना जुंपलं. पोरगा ताटावर बसल्या बसल्या पेंगतो, तोंडातला घास तसाच राहतो, आणि भाभी कौतुकाने सांगतात की बघा किती मेहनती आहे. मी तशीच जिना उतरून खाली येते. इथल्या बायका गणित सोडलं हे असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, साखरपुडा मोडला. परवा एकीने मला हळूच विचारलं की ममता अभ्यासात कच्ची आहे का. मी चहा न घेताच उठले.

ह्यांच्या स्वभावाचंही मला हल्ली कळेनासं झालंय. दवाखान्यातल्या दातांच्या खुर्च्या दुरुस्त करून येतात आणि दारातूनच सरळ मोरीत जाऊन कोपरापर्यंत डेटॉल चोळत बसतात. काही दिवस तर जेवतच नाहीत, इथल्या ताकाची, लबनची, बाटली तोंडाला लावतात आणि झोपतात. काय झालं विचारलं तर कूस बदलतात. त्या कामाची त्यांना एवढी किळस, आणि पोरीने त्याच धंद्यात जावं म्हणून तिला घाण्याला जुंपायला तयार. या माणसाला काय म्हणावं ते तूच सांग.

तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. इतकी वर्षं तू कॉलेजात बायॉलॉजी शिकवलंस, तुला विषयांतलं कळतं असं ते मानतात. त्यांना चार ओळी लिही. मी सांगितलं असं मात्र लिहू नकोस, ते ओळखतीलच.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ या वेळी जरा घाईने दाखव.

तुझी,
शालन


खेड,
२५ एप्रिल २००५

चि. सौ. शालन हिस,
गोपीनाथचे अ. उ. आ.

खजूर पोचले. वहिनीने त्यातले निम्मे शेजारी वाटले आणि वर मलाच सांगते की तुम्हाला साखर वर्ज्य. तुझं पत्र वाचून डोकं फिरलं, म्हणून एक दिवस मध्ये जाऊ दिला आणि आज लिहायला बसलो.

आधी सरळ गोष्ट सांगतो. दातांच्या कॉलेजच्या प्रवेशाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी एवढंच बघतात. गणिताचा तिथे काडीचा उपयोग नाही. पोरीने इंग्लिश, ही तीन शास्त्रं आणि होम सायन्ससारखा एखादा हलका विषय घ्यावा आणि मोकळं व्हावं. बायॉलॉजी पाठ करायला वेळ लागतो, डोक्यात मुरायला त्याहून जास्त लागतो, आणि तोच वेळ तुम्ही लोक गणिताच्या शिकवणीत घालवणार. मग बारावीत तिन्ही शास्त्रांना मार्क कमी पडले की सगळे मिळून पोरीच्या नावाने खडे फोडणार. हे मी आयुष्यभर बघत आलो.

इथे तरी काय वेगळं आहे. बाजारपेठेत मटणाच्या दुकानावर एक क्लास निघालाय. खाली बोकड टांगलेले, वर पाटीवर पोरांचे फोटो टांगलेले. पोरं कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे फिरकतसुद्धा नाहीत. कधी बेडकाला हात न लावता बेडकावरचे प्रश्न फटाफट सोडवतात आणि आईबाप पेढे वाटतात. परवा तिथून जाताना क्लासवाल्याने मला आदराने हाक मारली. मला शिसारी आली, मी रस्ता बदलला.

मी शिकवत होतो तेव्हा माझा एक नेम होता. बायॉलॉजी मागायला आलेल्या प्रत्येकाला मी फॉर्मवर सही करण्याआधी प्रयोगशाळेत न्यायचो आणि पोट उघडलेला उंदीर समोर ठेवायचो. ज्याला उलटी होईल त्याने खुशाल दुसरा विषय घ्यावा. पालक मला वेडा म्हणायचे, एकदोघांनी प्राचार्यांकडे तक्रारही केली. पण माझ्या वर्गातून अर्ध्यावर कुणी पळालं नाही.

ममताच्या बाबतीत हे कुणी केलंय का? दात म्हणजे तिला टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात वाटत असतील. मला स्वतःला ते काम बघवत नाही. गेल्या महिन्यात दाढ काढायला गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड वासून बसलेले, जन्मभराची मिश्री आणि तंबाखू हिरड्यांवर थापलेली, आणि डॉक्टरीणबाई बोटाने ते खरवडत होत्या. मी दाढ तशीच घेऊन घरी आलो. अजून ठणकते आहे.

तेव्हा विषय किती घ्यायचे यावर भांडण्याआधी पोरीला ते काम सोसवतं का ते बघा. नागेशरावांच्या हाताशी दवाखाना आहे. त्यांना आजच वेगळं पत्र टाकतो आहे की गणित सोडा, आणि तिला एकदा नेऊन खुर्चीच्या आतलं सगळं दाखवा.

तब्येतीला जप. तिथे बसून नुसती चिडू नकोस, चिडायला इथे मी आहे. लोभ होता तितकाच आहे, फक्त घाईचा केला आहे.

तुझा,
गोपीनाथदादा


जेद्दा,
८ मे २००५

ती. दादांस,
नागेशचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी रागात लिहितो आहे, त्यामुळे काही वेडंवाकडं आलं तर आधीच माफी मागून ठेवतो.

दादा, तुमचा उंदीर स्वच्छ होता. मेलेला, धुतलेला, औषधात ठेवलेला. माझ्याकडे येतं ते जिवंत माणसांचं. दातांच्या खुर्चीला एक नळी असते, डॉक्टर काम करत असताना ती तोंडातली थुंकी आणि रक्त ओढून घेते. ते सगळं खुर्चीच्या पोटात एका जाळीवर जाऊन अडकतं. ती जाळी मी दर शुक्रवारी उघडतो. दातांचे तुकडे, भरलेल्या चांदीचे कण, हिरडीचे धागे, मिस्वाकच्या दातणाचा चोथा, कुणी न चावता गिळू पाहिलेलं मांस, आणि या सगळ्यावर आठवड्याची साय धरलेली असते. मोठा साहेब असो की बंदरावरचा हमाल, जाळीत सगळं एक होतं. हे मी घरात कधी बोललो नाही. शालनला वाटतं मी घुम्या आहे. जेवायला बसलेल्या बायकोमुलीला मी काय सांगणार होतो?

आता तुम्ही म्हणता हे ममताला दाखवा. माझी मुलगी त्या खुर्चीशेजारी डॉक्टर म्हणून स्टुलावर बसणार आहे. तिला खुर्चीच्या पोटात डोकं घालायला लावणं मला मुळीच पटत नाही. आणि तिच्या बापाला गुडघ्यांवर बसून ती घाण उपसताना तिने बघावं, हे तर त्याहून नको.

गणिताचा काडीचा उपयोग नाही असं तुम्ही लिहिलंत. प्रवेशाला नसेल, तुम्हाला त्यातलं जास्त कळतं. पण बारावीनंतर इथे आपल्या मुलांना पुढचं कॉलेज नाही. तिला तिकडे कुठेतरी हॉस्टेलवर ठेवावी लागणार. एकदा तिला विमानात बसवली की तिचं काय चाललंय ते मला इथून दिसणार नाही, आणि इथल्या मालकाने, कफीलने, पासपोर्ट हातात दिल्याशिवाय मला तिकडे धावून येताही येणार नाही. म्हणून गणित असू दे. याहून जास्त मला विचारू नका.

तुमचा शब्द मी आजवर मोडला नाही, म्हणून येत्या शुक्रवारी तिला नेतो. सकाळी दवाखाना बंद असतो, आत कुणी नसतं. ती पाच मिनिटांत बाहेर पळेल, आणि मग तुम्हीच तिला गणित घे म्हणून पत्र लिहाल.

शालनने तुम्हाला लिहिलं त्याचा मला राग नाही. तुमची दाढ लवकर काढून घ्या, आत राहिली तर पुढे फार वाईट होतं. राग सगळा या पत्रात घातला आहे, तेव्हा तुमचा लोभ आमच्याकडे तसाच राहू द्या.

आपला,
नागेश


जेद्दा,
१५ मे २००५

ती. मामांस,
ममताचा सा. न.

मी पहिल्यांदाच तुम्हाला एवढं मोठं पत्र मराठीत लिहिते आहे. आई कुबराआंटींकडे गेली आहे आणि बाबा ड्युटीवर, म्हणून आत्ता बसले.

शुक्रवारी आम्ही दवाखान्यात गेलो. एसी बंद होता, त्यामुळे आत शिरल्याबरोबरच तो वास आला. लवंग आणि सडलेलं काहीतरी एकत्र. बाबांनी मला दारातच उभं राहायला सांगितलं, ग्लोव्हज घातले, मास्क लावला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीचं खालचं झाकण काढलं. मग जाळी बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले की ये, बघ. खोटं सांगणार नाही मामा, मला शी वाटलं. माझा हात आपोआप नाकावर गेला. पिवळं, करडं, मध्ये तांबडे धागे, सगळं बुळबुळीत. एवढं घाण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पण त्यात एक अर्धी दाढ होती. तिच्या मुळाला एक गाठीसारखं काहीतरी चिकटलं होतं. ते पू साठून होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ते असं खरंच दिसतं हे माहीत नव्हतं. मी ग्लोव्हज घातले आणि चिमट्याने ती उचलली. मला ती उजेडात नेऊन बघायची होती. नाकावरचा हात कधी निघाला ते कळलं नाही. मी बाबांना विचारत होते की एवढं झाल्यावर या माणसाला जेवता तरी येत असेल का.

वळून बघितलं तर बाबा तिथे नव्हते. आतल्या बेसिनपाशी होते. त्यांना उलटी होत होती. मी घाबरले, मला वाटलं त्यांना उन्हाने वगैरे काही झालं. ते तोंड धुऊन आले आणि म्हणाले की काही नाही, दर वेळी होतं. मी विचारलं की दर वेळी म्हणजे कधीपासून. ते म्हणाले की पहिल्या दिवसापासून. मग त्यांनी ओल्या हातांवरच पुन्हा ग्लोव्हज चढवले आणि जाळी माझ्याकडून घ्यायला आले. मी दिली नाही. मी साफ केली. ते दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि कुठला ब्रश घ्यायचा, पाणी किती सोडायचं ते सांगत राहिले. उरलेल्या खुर्च्यांच्या जाळ्याही मीच केल्या.

घरी येताना बाबांनी गाडी सुरू केली पण निघालेच नाहीत. पार्किंगमध्येच बसून राहिलो. मग रस्त्याकडे बघत ते बोलायला लागले. म्हणाले की मी सगळी त्यांच्यावर गेले आहे असं लहानपणापासून सगळे म्हणतात. नाक त्यांचं, राग त्यांचा, हट्टही त्यांचाच. तर पोटही त्यांचंच असणार असं त्यांनी धरून टाकलं होतं. त्यांना वाटायचं की मी हौसेने दातांच्या कॉलेजात जाईन, तिथे पहिलं उघडं तोंड बघून मला उलटी होईल, आणि इतका हट्ट करून आल्यावर ते घरी सांगायची मला लाज वाटेल. मग मी तिथेच राहीन आणि रोज उलट्या करत शिकेन. तेव्हा सोडून दुसरीकडे जाता यावं म्हणून त्यांना माझ्यासाठी गणित ठेवायचं होतं. ते स्वतः इथे आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ते राहिले. हे घरी सांगायचं तर उलटीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून नुसतं असू दे, असू दे म्हणत होते.

मला खूप राग आला, पण कोणाचा ते कळेना. ज्या दवाखान्यात एवढे डॉक्टर आहेत तिथे एक माणूस दर शुक्रवारी उलटी करतो आणि कुणाला ते माहीतही नाही, या गोष्टीची मला जास्त घाण वाटली.

काल बाबांनी स्वतः माझ्या फॉर्मवरचं गणित खोडलं. कॉम्प्युटरही खोडला. इंग्लिश, तीन सायन्स आणि होम सायन्स. आई इतकी खूश आहे की तेच सांगायला वर गेली आहे, आणि कुबराआंटींनी तोंड वाकडं केलं तर मी बघून घेते म्हणाली. उलटीचं मी आईला सांगितलेलं नाही. बाबांनी नको म्हटलंय.

पण मामा, माझं झालं. माझे पाच विषय ठरवायला घरात महिनाभर भांडणं झाली, तुम्ही पत्रं लिहिलीत, बाबांनी पत्र लिहिलं. बाबांना काय झेपतं ते आजपर्यंत कुणीच विचारलेलं नाही. येत्या शुक्रवारी ते पुन्हा त्या खुर्चीखाली बसणार आहेत. मी येते म्हटलं तर नाही म्हणतात. त्यांचं वय सत्तेचाळीस आहे, आयटीआयचे फिटर आहेत, पंप, मोटर, एसी काहीही हाताने दुरुस्त करतात. तुम्ही एवढ्या मुलांना हे घे, ते सोड असं सांगितलंत. आता हे काम सोडून त्यांना काय घेता येईल, ते लवकर कळवा.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ माझ्यावर आहेच, त्यातला थोडा या वेळी बाबांकडे पाठवा.

तुमची,
ममता