पळतं ते आपलं

सूनबाई,

मी जरा बाहेर चाललोय. मी समोर असलो की तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे काल पाहिलं.

जास्वंदीचं सांगायचं राहिलं. पांढरं दिसेल ते सगळं पुसून काढ, असं मीच तुला म्हणालो होतो. तू सकाळभर जुन्या टूथब्रशने पान न् पान घासलंस, आणि झाडाचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणांबरोबर ढालकिड्याची पिल्लंही गेली. तीही तशीच पांढरी, कापसासारखी दिसतात, पण पिठ्यालाच खातात. तुला ते कुठून कळणार? तरी मी नको ते बोललो. "माझ्या झाडाला हात लावू नकोस" म्हणालो, वर तुझ्या माहेरालाही मध्ये ओढलं.

ओळखायचं असं. काडीने हळूच डिवचायचं. ढिम्म बसतो तो पिठ्या, तो पुसायचा. तुरुतुरु पळतं ते आपलं, ते राहू द्यायचं. खालच्या फांदीवर एक वाचलंय.

जिन्यापाशी तुझी भरलेली बॅग दिसली. थांब म्हणायला मला तोंड नाही. फक्त घराची किल्ली टेबलावर ठेवून जाऊ नकोस. ती तुझ्याकडेच राहू दे.

बाबा