जाड ट्यूब आणि माझा जीव

धाकटे, तुला उदंड आशीर्वाद.

सगळ्यात आधी उगवली ती शिडी! (आपल्या नातीबरोबर सायकल पळवते ती उंच पोरगी गं, दारातून वाकून आत येते.) तिच्यामागून नात आणि आणखी एक मैत्रीण, मी आणलेली ट्यूब सायकलला बसवायला. तुझी कंबर कशी आहे हे आधी विचारायला हवं होतं, पण माझी छाती अजून धडधडतेय, तेव्हा कंबरेचं मागाहून.

रविवारी नातीची शर्यत आहे आणि शेवटी मोठा उतार. सरावात तिथेच ट्यूब फुटून पोरगी गुडघे फोडून आली, तेव्हापासून मला घास उतरत नाही. म्हटलं, आता ट्यूब मी आणणार. नात हो म्हणाली. (तिला वाटलं, तेवढेच आजीचे पाय मोकळे होतील.) दुकानदाराने विचारलं, टायर केवढा? मी दोन बोटांनी दाखवला, आणि भीतीने बोटं जरा जास्तच फाकली बघ. गोधडी निवडावी तशी एकेक ट्यूब चिमटीत धरून पाहिली आणि सगळ्यात जाड ती उचलली. डोंगरात पळवतात त्या दांडग्या सायकलींची होती ती. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, पडणार माझी नात आहे, तुमची नाही.

घरी तिघी ती टायरात कोंबायला बसल्या. उशीच्या खोळीत गादी! इकडून दाबली की तिकडून बाहेर. कशीबशी बसवून शिडीने हवा भरली, तर आत चुणी पडलेली ट्यूब टायरच्या कडेखाली चिमटली आणि फाट्‌! मी कुठे? पलंगाखाली. कशी शिरले ठाऊक नाही, काढायला दोघी लागल्या.

मग चाक खांद्यावर घेऊन मलाच दुकानात नेलं. टायरच्या अंगावर जाडीचा आकडा असतो, पंचवीस. ट्यूबच्या खोक्यावर वीस ते अठ्ठावीस. जमलं! (तेवढी शाळा झालीय माझी.) व्हॉल्व्हही लांब हवा, नाहीतर चाकाच्या उंच कडेतून डोकं वर काढत नाही. सगळं मीच जुळवलं, इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण ट्यूब हातात घेतली, तर इतकी पातळ! अगं, जत्रेतला फुगा बरा! त्यावर बसून पोरगी उतार उतरणार? मी बजावलं, आधी मी बसून बघेन, मगच ती. शिडी हसत म्हणाली, "आजी, आमच्याकडे दोघांची सायकल आहे, ह्याच ट्यूब घालते. बसता मागे?" मी हो म्हणून गेले. जीभच मेली तशी.

तुझी,
ताई

ता. क. कंबर कशी आहे?

ता. क. तुझ्या सुनेची एक नाडीची पँट पाठव. साडी साखळीत अडकेल. माझ्या मुलाला कळू देऊ नकोस, त्याला मी स्टुलावर चढलेलीसुद्धा खपत नाही.

ता. क. पँट लगेच पाठव गं. शिडी सपाट रस्त्यावर फिरवते म्हणत होती, मी म्हटलं, तोच उतार हवा. रात्रभर थरथरतेय. गुरुवारी न्यायला येते म्हणालीय.