सकाळी सरळ, सांजंला तिरपी

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज तर कहरच झाला! आत्याबाईंनी पाचलाच उठवलं आन् मोठ्या दवाखान्यात पहिला नंबर लावला. माझी सासू, पण मी आत्याबाईच म्हणते. त्यांचं म्हणणं, "पहिल्या नंबराला डाक्टर ताजा असतो." नऊला आत घेतलं. ताजा डॉक्टर म्हणला, चालून दाखवा. चालले. हरणीवानी! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळले बी झोकात.

"बाई, होतंय काय तुम्हाला?"

आता काय सांगू! सांजंला माझा डावा पाय आत वळतो. टाच उचलती, बोटं मुडपतात, बदकावानी चालते, भिंत धरायला लागती. सकाळी काय बी नाय. सांगितलं समदं. मेंदूचा फोटो काढलेला, तो चांगला आलाय. वय किती? सत्तावीस. मिस्टर काय करतात? म्हणलं, नाहीत, दोन वर्षं झाली. झालं! त्यानं पेन ठेवला, मान तिरपी केली, आवाज बारीक केला. "मनाचं असतं कधी कधी."

मनाचं! माझं मन काय डाव्या पायात राहतं व्हय?

घरी येऊन आत्याबाईंना डॉक्टरची नक्कल करून दाखवली. पेन, मान, आवाज, समदं. पदर तोंडाला लावून हसल्या. मग पदर सोडून म्हणल्या, "हेच तुझं, दीपे! दिवसभर गल्लीच्या नकला करती. मग तू पाय वाकडा केला तर खरं कोण मानंल?"

हसू आलं, पण लागलं. पाच वर्षं झाली हे सुरू होऊन. आधी पोटऱ्याच दुखायच्या. ह्यांना सांगायची तर तेल चोळून द्यायचे. तेवढ्या एका माणसानं "खरं का?" म्हणून विचारलं नाय कधी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ही मी शिलाई करते त्या दुकानातली जुनी मापाची वही. पुढून ब्लाऊजांची मापं, मागून माझ्या पायाचं माप! ठरवलंय, रोज लिहायचं.

सकाळी सहा — सरळ. दुपारी एक — बोटं मुडपली. चार — पाय मशीनच्या पायट्यावरून घसरला. सहा — बदक.

८ नोव्हेंबर, शनिवार

सहा — सरळ. एक — बोटं. चार — घसरला. सहा — बदक. माझा पाय घड्याळ बघतो का काय!

९ नोव्हेंबर, रविवार

आत्याबाईंनी वैजापूरकडं नेलं, बन्सी भगताकडं. त्यानं डोळे मिटले, दाणे मोजले, म्हणला, "नवरा पाय धरतोय."

म्हणलं, "महाराज, ते जित्ते असताना चार हाका मारल्या तरी खाटेवरून उठायचे नाहीत. आता एवढ्या लांबून रोज येत्यात, ते बी वेळेवर?"

आत्याबाईंनी कोपर मारलं. भगतानं काळा दोरा दिला आन् लिंबू दिलं. लिंबू मी पोह्यावर पिळणार हाय.

बसमधी मात्र खिडकीकडं तोंड करून बसले. ते खरंच येत असते तर एक काय, दोन्ही पाय दिले असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

माझी तनू आठ वर्षांची, पण काय नमुना हाय! आज शाळेच्या बाईंची नक्कल केली. चष्मा सरकवायचा, खडू हुंगायचा, "शांऽऽत बसा!" आन् जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, इवलीशी. नक्कल करताना माझी बी तशीच येती म्हणं. आत्याबाई म्हणतात, नक्कल खरी का खोटी ते विचारायलाच नको, जीभ बघायची.

सांजंला बघते तर पोरगी दारातून पानी घेऊन येती, डावा पाय आत, टाच वर. थेट मी! आत्याबाई वरडल्या, "बघ! तुझं बघून पोर बी वाकडी शिकली!" मला इतकं हसू आलं. म्हणलं, वाहवा! माझीच लेक!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज कोडं सुटलं!

छावणीत शहजादी आपांच्या लेडीज टेलरिंगमधी मी दुसऱ्या मशीनवर बसते. लग्नसराई हाय, ब्लाऊजांचा ढीग पडलाय. चार वाजता पाय घसरला आन् नवरीच्या ब्लाऊजची शिवण पार बगलेत गेली. आपांनी कपाळ धरलं. "अगे दीपा! ये दुल्हन कू पहनाऊं के खिडकी कू टांगूं? ऐसाच रहा तो मेरेकू दुसरी देखना पडती."

हे काम गेलं तर मी काय करू? पन पाय तर दगड झालेला. आपाच म्हणल्या, जा, आत थोडी पड. कापडाच्या गठ्ठ्यावर पडले, डोळा लागला. अर्ध्या तासानं उठले आन् मशीनपर्यंत चालत आले. सरळ! मला कळलंच नाय. आपांच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"सो के उठी तो पाँव सीधा?"

म्हणलं, व्हय आपा, नेहमीच होतं. आत्याबाई म्हणतात, झोपायला निमित्त पायजे.

"आन् डॉक्टरकू कब दिखाती तू?"

सकाळी, म्हणलं. पहिल्या नंबरला.

आपा इतक्या हसल्या की सुईतला दोरा निघाला. "अगे बावळी! बिमारी शामकू आती, तू सुबेकू दिखाती! शटर गिरने के बाद कपडा लेने आए जैसा!"

देवा! पाच वर्षं! पाच वर्षं मी दर वेळी बरी होऊन दवाखान्यात जात होते!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आपांनी नसांच्या एक डॉक्टरीणबाई शोधल्या, सांजंला बसतात. पन आत्याबाई अडल्या. दिवेलागणीला आजारी माणसानं उंबरा ओलांडायचा नसतो म्हणं. "आमच्या घरात कुणी ओलांडला नाय. सुदर्शननं एकदाच ओलांडला, तापात. परत आला नाय."

ह्यांचं नाव निघालं आन् मी चपला काढून ठेवल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बोलणं बंद. दोघींचं. तनू मधी बसून दोघींच्या गप्प बसण्याची नक्कल करती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांजंला न्हाणीघरात पडले. हाताला खरचटलं, बाकी काय नाय. आत्याबाईंनी उचललं. माझा पाय मांडीवर घेऊन सरळ करायला बघितला, दोन्ही हातांनी, कणकीचा गोळा दाबावा तसा. होईना. पायाकडं बघतच राहिल्या.

"दीपे, हे तू करत नाय?"

म्हणलं, "आत्याबाई, करायचंच असतं तर न्हाणीत कशाला केलं असतं? तिथं बघायला कोण व्हतं?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काय दिवस! समदं लिहिते.

दुपारी झोपलेच नाय. मुद्दाम! मशीन हाणलं, जिना चढले-उतरले, पायाला म्हणलं, आज इमान राख, आज चांगला वाकडा हो! आपांनी साडेतीनला सोडलं. घरी आले तर आत्याबाई देव्हाऱ्यापुढं. साडेचार वाजलेले, ऊन सगळं घरात. आन् त्यांनी दिवा लावला!

"आत्याबाई, आत्ता?"

"दिवा लागला ना? मंग दिवेलागण होऊन गेली. चल, रिक्षा बोलव."

देवाला फसवणारी सासू माझीच! रिक्षात हसून हसून पोट दुखलं.

दवाखान्यात आमचा नंबर सहाला आला. डॉक्टरीणबाई बारक्या, केस पांढरे. चाल म्हणल्या. उठले तर पाय असा काही आत वळला, शाब्बास रे! टेबल धरून चार पावलं टाकली.

"सकाळी कशी असते?"

म्हणलं, सकाळी पळते. आता ह्या बी पेन ठेवतात आन् मान तिरपी करतात, असं वाटलं. तर आत्याबाईच उठल्या. आयुष्यात कधी डॉक्टरपुढं तोंड उघडलं नाय त्यांनी.

"बाई, माझी सून लई नकलाकार हाय. माझी बी करती, मला ठाव हाय. पन नक्कल करताना तिची जीभ बाहेर येती, ते तिला आवरत नाय. आत्ता तोंड बघा तिचं. जीभ आतच हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. खुर्चीवरून उठून माझ्यापुढं खाली बसल्या, पाय हातात घेतला. तीनदा तेच विचारलं — सकाळी सरळ? संध्याकाळी वाकडा? झोपून उठलं की बरा? मी मापाची वही पुढं केली. त्यांनी पान न् पान वाचलं. "हे तू लिहिलंस? मला अर्धं उत्तर यातच मिळालं."

मग समजावलं. मेंदूत एक रस तयार होतो, त्यावर हातपाय चालतात. माझा कमी पडतो. रात्री झोपेत जरा साठतो, दिवसभरात संपतो. म्हणून सांजंला पाय रिकामा! एक गोळी दिली, अर्धीच घ्यायची. लागू पडली तर समजायचं, हेच ते. "घरात आणखी कुणाला होतं का असं? आई, मावशी?"

म्हणलं, माय मी पाच वर्षांची असताना गेली. चालायची कशी कुणाला ठाव!

२० नोव्हेंबर, गुरुवार

मळमळ. पाय तसाच. आत्याबाई दर तासाला विचारतात, "आला का रस?"

२३ नोव्हेंबर, रविवार

चार वाजले. बोटं मुडपली नाहीत. कुणाला सांगितलं नाय. दृष्ट लागंल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सांजंचे सहा — सरळ!!!

२६ नोव्हेंबर, बुधवार

सात वाजेपर्यंत मशीनवर! आपा सारख्या खाली वाकून पाय बघतात. नवीन नवरीचा ब्लाऊज एका बैठकीत काढला, शिवण दोरीवानी. आपा म्हणल्या, "जा गे, दुसरी-बिसरी नक्को मेरेकू." पुंडलिकनगरच्या स्टॉपवर उतरून घरापर्यंत चालत आले, अंधार पडताना, कुणाच्या भिंतीला हात न लावता. मग परत स्टॉपपर्यंत गेले. परत आले. उगीच!

घरी आत्याबाई आन् तनूपुढं माझ्याच जुन्या चालीची नक्कल करायला गेले, तर जमंना! पाय आत घातला तर टाच खाली, टाच उचलली तर पाय सरळ. आत्याबाई टाळी देत म्हणल्या, "जीभ बाहेर, जीभ बाहेर! खोटी हाय!" तिघी हसलो. मग आत्याबाई रडल्या. मी बी जरा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी फायलीत आजाराचं नाव लिहिलं, हातभर लांब. म्हणलं, बाई, त्याच्याखाली मराठीत लिहा ना, "मनाचं नाय." लिहिलं त्यांनी! सही बी केली.

२ डिसेंबर, मंगळवार

सव्वाचारला तनू शाळेतून आली. डावा पाय आत, टाच वर.

म्हणलं, "बास की गं आता! आई कधीची सरळ झाली, तू अजून जुनीच नक्कल करती!"

"मी कुठं काय करतेय?"

तोंडाकडं बघितलं तिच्या. जीभ आतच होती.

दारातून ऊन पार देव्हाऱ्यापर्यंत आलं होतं. आत्याबाई उठल्या आन् त्यांनी दिवा लावला.