बाटली उतरवून घोटभर पाणी देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, पहिला मजला

विषय: स्त्री-कक्ष, खाट क्रमांक अकरा येथील सलाईन बंद करून रुग्णास तोंडाने पाणी घेऊ देण्याबाबत.

संदर्भ: खाटेवरील पाटी, "तोंडाने काही देऊ नये", तसेच अर्जदाराच्या तोंडी विनंत्या, ज्यांची नोंद कोठेही नाही.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदार हा निवृत्त संस्कृत शिक्षक असून उपरोक्त खाटेवर त्याची सहधर्मचारिणी आहे. पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी तिला परवा उपाशी ठेवण्यात आले आणि शरीरातील पाणी घटू नये म्हणून सलाईन लावण्यात आले. ही व्यवस्था सर्वथा शास्त्रोक्त होती. तदनंतर शस्त्रक्रियागृहातील दिवा बिघडला व शस्त्रक्रिया पुढे गेली. उपवास आणि बाटली मात्र जागच्या जागी राहिली.

पत्नीचे हृदय पूर्वीपासून अशक्त आहे. आता तिचे पाय सुजले असून आडवे होताच तिला धाप लागते. तिच्या बंधूंना मात्र यात वैभव दिसते. "ताई, थाट आहे बुवा तुझा! शेजारणीला एक बाटली, तुला दुसरी लागलीसुद्धा!" असे ते काल अख्ख्या कक्षास ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. आत किती गेले हे बाटलीवरच्या रेषा सांगतात. बाहेर किती आले हे मोजण्याचे भांडे खाटेखाली आहे, परंतु ते कोणी मोजावे याविषयी अद्याप एकमत झालेले नाही.

आज सकाळी एक ज्येष्ठ प्राध्यापक विद्यार्थ्यांसह आले. त्यांचे विवेचन इतके प्रासादिक होते की अर्जदार क्षणभर आपले दुःख विसरला. ते म्हणाले, "शरीरात पाणी तीन ठिकाणी असतं. पेशींच्या आत, पेशींच्या मधे आणि रक्तात. हे मिठाचं पाणी पेशींत शिरत नाही. रक्तातही थोडंच टिकतं. बाकीचं मधल्या जागेत झिरपतं. म्हणून आधी हिशेब, मग बाटली." असे म्हणून त्यांनी पत्नीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना. "बघा! गरजेपेक्षा जास्त झालं की असं होतं. छान केस आहे, उद्या दुसऱ्या तुकडीलाही दाखवू." विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. वर बाटली थेंब थेंब गळतच होती.

अर्जदाराने हात जोडून विचारले, "मग बंद करता ना?" त्यावर उत्तर मिळाले, "आजोबा, मी शिकवायला आलोय. ही खाट माझ्या युनिटची नाही."

कक्षातील सिस्टर सहृदय आहेत. त्यांनी सांगितले, "सुरू करायला फोनवर सांगितलेलं चालतं, आजोबा. बंद करायला लेखी लागतं. ज्यांनी सुरू करायला सांगितलं ते डॉक्टर रजेवर, आणि बाकीचे दुसऱ्याच्या आदेशाला हात लावत नाहीत." आदेशांना वेदांप्रमाणे अपौरुषेय मानण्याची ही निष्ठा अर्जदाराने गुरुगृहीही पाहिली नव्हती.

पाण्याचे एक नाव 'जीवन' असे तो जन्मभर शिकवीत आला. त्याचाही अतिरेक होतो, आणि तो होत असताना ओठ कोरडेच राहू शकतात, हे वार्धक्यात शिकणे त्याच्या नशिबी होते. पत्नी दुपारी म्हणाली, "अहो, आयुष्यभर मला उपदेशाचे डोस पाजलेत. आता एक घोट पाणी पाजा की!" तो पाटीकडे पाहत राहिला. आज्ञापालनाची त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आवक विभागात दिलेला अर्ज आठवड्याभरात आपल्यापुढे येतो, असे तेथील लिपिकाने धीर देण्याच्या स्वरात सांगितले. बाटली आठवडाभर थांबणार नाही. पत्नीच्या श्वासाविषयी तर बोलावयासच नको. सबब अर्जदार स्वतःच आला आहे. "मी काही पाहिलं नाही हं," असे म्हणत सिस्टरांनी चाकाची खुर्ची पुढे केली, आणि तिचे डावे चाक अडकते हेही सांगितले.

आपल्या दाराचा पडदा आखूड आहे. मेजावरील झाकलेला पेला येथून दिसतो. तिलाही दिसतो.

तरी कोणा डॉक्टरांस तिला तपासावयास सांगून दोन ओळींचा आदेश व्हावा, ही प्रार्थना.

आपल्या दाराबाहेर उभा,
अर्जदार
(खाट क्रमांक अकराचे यजमान)

दिनांक: आजचाच.

सोबत: पत्नी, एक, चालू बाटलीसह. मूळ प्रत आहे; पाहून परत करावी. दुसरी प्रत नाही.