बाकावरची तिसरी बाई

३ मार्च, ड्रेस्डेन
आले एकदाची! रंगीत फर्निचर दुरुस्त करणारी ही कार्यशाळा जुन्या गिरणीत आहे, खिडकीतून एल्ब नदी दिसते. मालकीण फ्राऊ लेमान मोजकंच बोलतात. नोकरी मिळवून दिली ती इथे काम करणाऱ्या विभावरीताईंनी. बावीस वर्षं झाली त्यांना ड्रेस्डेनमध्ये. आज डब्यात खिचडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "पत्त्याच्या सरकारी नोंदणीचं, त्या आन्मेल्डुंगचं, मी बघते गं नीलिमा. तू कामात लक्ष घाल."

माझ्या वाट्याला आलाय दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत रंगवलेला एक बाक. लाकूड साधंच, पण पाठीवर अख्खा ग्रीस उतरवलाय: लायर नावाची तंतुवाद्यं, कलश, लॉरेलच्या पानांच्या माळा, आणि एकामागून एक चालणाऱ्या पाच बायका. चेहरे नखाएवढे, पण काय जिवंत!

९ मार्च
पिवळं पडलेलं व्हार्निश काढत होते. घाईत लेबल न वाचता भलत्याच, जहाल द्रावणाची बाटली उचलली. तिसऱ्या बाईचा चेहरा कापसावर आला. खाली नुसतं लाकूड.

फ्राऊ लेमाननी विचारलं. मी म्हणाले, बाटली विभावरीताईंनी भरली होती. खोटं नव्हतं ते. लेबल बरोबर होतं, तेवढं बोलले नाही.

१२ मार्च
ताईंना कामावरून काढलं. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं असेल गं. वय झालं."

मी हात सोडवून घेतला.

दुपारी बाकाकडे पाहिलं. पुढच्या दोघींनी माना मागे वळवल्यात. पहिल्या दिवशीच्या फोटोत त्या सरळ समोर बघताहेत.

१५ मार्च
कोऱ्या जागी भुवई उमटली आहे. मी ब्रश लावलेला नाही. मधे तुटलेली भुवई – लहानपणी झोपाळ्यावरून पडले, तेव्हापासून माझी आहे तशी.

फोन माझा चेहरा ओळखत नाही.

१६ मार्च
आरशात त्या भुवईच्या जागी – काही नाही. गुळगुळीत.

ताईंना फोन लावला. उचलला त्यांनी. मी ठेवला.

१८ मार्च
बाकावर आता डोळेही. बाकीच्या चौघीही त्या तिसरीकडेच बघताहेत.

फ्राऊ लेमानसमोर गेले, सगळं सांगायलाच. त्या म्हणाल्या, आपण कोण? तोंड उघडायला गेले तर –

तोंड तिकडे आहे. बाकावर. मिटलेलं.

हात आहेत अजून. लिहून ठेवते. फ्राऊ लेमान, लेबल बरोबर होतं. मी वाचलं नाही. विभावरीताईंची काहीच चू–